आजन्म बेअरिंग आणि तिसरा मालक

जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात त्सुफनहाउझन नावाचे उपनगर आहे. पोर्शे गाड्यांचा मूळ कारखाना तिथला. १९६३ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात या कारखान्याने जी गाडी मांडली, ती पुढे ‘९११’ या नावाने जगभर गेली. इंजिन मागच्या बाजूला. सहा सिलिंडर, तीन एका अंगाला आणि तीन दुसऱ्या अंगाला आडवे झोपवलेले. ते थंड करायला पाणी नाही, वारा. आपल्याकडच्या लँब्रेटा स्कूटरच्या इंजिनावर जसा पंखा वारा घाली, तशीच काहीशी तऱ्हा. हे इंजिन सुधारत सुधारत चौतीस-पस्तीस वर्षे चालले. तेल बदला, व्हॉल्व्ह वेळेवर लावून घ्या, बाकी काळजी नको, अशी त्याची ख्याती झाली. पोर्शे म्हणजे रोज वापरता येणारी शर्यतीची गाडी, हा लौकिक त्या इंजिनाने मिळवून दिला.

आजचा लेख त्या इंजिनाचा नाही. त्याच्या मागून आलेल्या इंजिनाचा आहे.

मोटारींचा इतिहास हा आपल्या गोव्यातल्या मराठी वाचकांचा नेहमीचा विषय नव्हे, हे मी जाणतो. कदंब, आदिलशहा, पोर्तुगीज, राणे यांच्यातून आपल्याला सवड मिळाली तर ना! पण यंत्रांनाही इतिहास असतो आणि तोही माणसांच्याच भीतीतून, हव्यासातून, काटकसरीतून आणि कधी कधी अक्कलहुशारीतून घडतो. शिवाय या इतिहासाकडे वळायला मला एक घरगुती निमित्त झाले. माझा एक भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो. गोव्यातली किती घरे पोर्तुगीज पासपोर्टावर त्या गावात जाऊन राहिली आहेत, हे वाचकांना मी सांगायला नको. त्याने फोनवर विचारले, “मामा, इथे वीस वर्षांची जुनी पोर्शे बॉक्स्टर साध्या घरगुती गाडीच्या भावात मिळते. घेऊ काय?” पोर्शे इतकी स्वस्त का, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधत गेलो, तेव्हा एका कारखान्याच्या जगण्या-मरण्याची गोष्ट हाती लागली. आणि त्या गोष्टीच्या पोटात एक बेअरिंग निघाले, तळहातावर सहज मावेल एवढे.

आता मुळापासून सांगतो.

१९८६ च्या सुमारास पोर्शे वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास गाड्या विकत असे. त्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेत जात. मग १९८७ साली शेअर बाजार कोसळला, डॉलर घसरला, जर्मन गाड्या अमेरिकनांना महाग पडू लागल्या. अमेरिकेतली विक्री १९८६ मध्ये तीस हजारांवर होती, ती १९९३ मध्ये चार हजारांच्याही खाली आली. १९९२-९३ या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे २४ कोटी मार्कांचा तोटा झाला. आता ही कंपनी कोणी तरी मोठा कारखानदार विकत घेणार, असे जो तो बोलू लागला.

अशा वेळी वेंडेलिन वीडेकिंग नावाच्या यंत्र अभियंत्याकडे सूत्रे आली. वय जेमतेम चाळीस. त्याने पाहिले, की कारखान्यात गाड्या अजून जुन्या कारागिरी पद्धतीने बनतात. कामगार शिडी चढून उंच फळ्यांवरचे सुटे भाग शोधतो, चुकलेले काम शेवटी कोणी तरी निस्तरतो. त्याने जपानी सल्लागार आणले. ‘शिन-गिजुत्सु’ नावाच्या संस्थेचे हे लोक टोयोटाच्या तालमीत तयार झालेले होते. त्यांनी जर्मन अभियंत्यांना तोंडावर खडसावले, असे म्हणतात. त्या उंच फळ्या अर्ध्यावर कापायला वीडेकिंगने स्वतः करवत हातात घेतली, हा किस्सा तेव्हा वर्तमानपत्रांतही गाजला. जर्मनीसारख्या देशात, इंजिनिअरिंगचा अभिमान बाळगणाऱ्या कारखान्यात, जपान्यांकडून शिकवणी घेणे ही सोपी गोष्ट नव्हती. पण घर बुडत असताना अभिमान बाजूला ठेवावा लागतो.

नुसता कारखाना सुधारून भागणार नव्हते. गाडीही नवी हवी होती. जानेवारी १९९३ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात कंपनीने ‘बॉक्स्टर’ या छोट्या, उघड्या टपाच्या गाडीचा नमुना दाखवला आणि लोक खूश झाले. त्याच वेळी ९११ चाही नवा अवतार आखला जात होता. कंपनीत त्याला ‘९९६’ हा क्रमांक होता आणि बॉक्स्टरला ‘९८६’. दोन गाड्या स्वतंत्र बनवायला पैसा नव्हता. म्हणून ठरले, की दोन्हींचा पुढचा भाग, दिवे, दारे शक्य तेवढी एकच ठेवायची. तळलेल्या अंड्यासारखे दिसणारे ते दिवे पाहून जुने पोर्शेभक्त पुढे कित्येक वर्षे नाक मुरडत राहिले. आणि मुख्य म्हणजे दोन्हींचे इंजिन एकाच घराण्याचे करायचे. बॉक्स्टरला लहान, ९११ ला मोठे, एवढाच फरक.

हे ते नवे इंजिन, ‘एम-९६’. पाण्यावर थंड होणारे. यात केवळ काटकसर नव्हती. धुराचे आणि आवाजाचे कायदे कडक होत चालले होते. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवायचे तर नुसत्या वाऱ्याने भागत नव्हते. म्हणजे वाऱ्यावरचे जुने इंजिन केव्हा तरी जाणारच होते. १९९६ मध्ये बॉक्स्टर बाजारात आली, १९९७ मध्ये नवी ९११. मागणी इतकी, की त्सुफनहाउझनचा कारखाना पुरेना आणि बॉक्स्टर फिनलंडमधल्या वाल्मेत कंपनीकडून बनवून घ्यावी लागली. १९९८ साली वाऱ्यावरची शेवटची ९११ बाहेर पडली. पुढच्या काही वर्षांत ९९६ पावणेदोन लाखांच्या आसपास आणि पहिली बॉक्स्टर दीड लाखाहून अधिक बनली. बुडू पाहणारी पोर्शे जगातल्या सर्वांत फायदेशीर मोटार कंपन्यांत गणली जाऊ लागली. व्यवस्थापनाच्या वर्गांत वीडेकिंगचे धडे शिकवले जाऊ लागले.

गोष्ट इथे संपली असती तर ती यशोगाथा झाली असती. पण इंजिनाच्या पोटात एक मधला दांडा होता.

तांत्रिक भाग आहे, पण शक्य तेवढा सोपा करून सांगतो. पिस्टन खाली-वर होतात आणि क्रँकशाफ्ट फिरते. व्हॉल्व्ह उघडायला-मिटायला कॅमशाफ्ट लागते, आणि ती क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरावी लागते. दोघांचा ताळमेळ म्हणजे टाइमिंग. आडव्या झोपलेल्या इंजिनात कॅमशाफ्ट दोन्ही टोकांना, लांब असतात. म्हणून पोर्शेने क्रँकच्या खाली एक मधला दांडा ठेवला. इंग्रजीत त्याला इंटरमीडिएट शाफ्ट म्हणतात. क्रँक त्याला फिरवते आणि तो साखळ्यांनी कॅमशाफ्ट फिरवतो. ही रचना जुन्या ९११ मध्येही होती. पण तिथे हा दांडा साध्या गुळगुळीत बेअरिंगांत फिरे, आणि त्या बेअरिंगांना इंजिनाचा तेलपंप सतत दाबाने तेल पुरवी. धातूला धातू लागतच नसे, मध्ये तेलाचा पडदा. अशा बेअरिंगला झीज अशी जवळजवळ नाहीच.

एम-९६ मध्ये या दांड्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला बॉल बेअरिंग बसवले गेले. पोलादी छर्रे, आत कारखान्यातच भरलेले ग्रीस, आणि तेल आत येऊ नये म्हणून वरून सील. त्याला तेल पुरवणारी वेगळी वाट ठेवलेली नव्हती. ते आजन्म टिकणार, असे गृहीत होते. म्हणूनच ते सुटे विकत मिळत नसे आणि दुरुस्तीच्या पुस्तकात ते बदलण्याची कृतीही नव्हती. पहिल्या गाड्यांत हे बेअरिंग छर्ऱ्यांच्या दोन ओळींचे होते. २००० साल उलटल्यावर त्याच्या जागी एका ओळीचे आले. त्याचे माप ६२०४ या सर्वसामान्य जातीचे, म्हणजे बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर, रुंदी १४. आपल्या वाडीतल्या विहिरीवरच्या पंपाची मोटर उघडली, तर याच मापाचे बेअरिंग त्यात निघण्याचा संभव बराच. आपला पंपवाला ते पाण्याच्या हंगामापूर्वी शंभर-दोनशे रुपयांत बदलून देतो आणि त्यावर चहाही पितो.

हे बेअरिंग जाते कसे? वर्षे उलटली, की सीलचे रबर कडक होते. इंजिनातले गरम तेल हळूहळू आत शिरते आणि ग्रीस धुऊन नेते. तेल आत जाते, पण खेळते राहत नाही. ते तिथेच साचून खराब होते, त्यातला ओलावा आणि आम्ल छर्ऱ्यांना खाते. छर्रे खडबडीत झाले, की दांडा किंचित डगमगू लागतो. मधल्या बोल्टवर ताण येतो. एखाद्या दिवशी तो तुटतो, दांडा जागा सोडतो, साखळी दाता चुकते, टाइमिंग सुटते. या जातीच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. टाइमिंग सुटले, की दोघांची टक्कर. काही क्षणांत व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टन फुटलेले आणि लोखंडाचा चुरा तेलाबरोबर सगळ्या इंजिनभर. उसगाव-सावर्डे पट्ट्यात खाणीच्या ट्रकांची इंजिने खोलण्यात ज्यांची उमर गेली, असे मेस्त ओळखीचे असतील, तर त्यांना विचारून पाहा. चुरा फिरलेले इंजिन नुसते जोडून भागत नाही, ते पार धुऊन, मोजून, नव्याने बांधावे लागते.

आता यातली गंमत, किंवा क्रूर थट्टा म्हणा. ज्या मालकांनी गाडी देवघरातल्या मूर्तीसारखी जपली, रविवारी दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा झाकून ठेवली, त्यांच्या गाड्यांना हा रोग अधिक होतो, असे ही इंजिने रोज खोलणाऱ्या कारागिरांच्या ध्यानात आले. रोज पळणाऱ्या, गरम होणाऱ्या, वारंवार तेल बदललेल्या गाड्या तुलनेने तरल्या. थंड इंजिनात ओलावा साचतो, तेल शिळे होते. जुनी गाडी घेणारा मनुष्य मात्र काय शोधतो? कमी चाललेली, एका हातची, गॅरेजमध्ये ठेवलेली! मीटरवरचा कमी आकडा पाहून तो खूश होतो आणि नेमका धोका घरी आणतो.

सगळ्याच गाड्यांना असे झाले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दोन ओळींच्या जुन्या बेअरिंगांत बिघाडाचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी, आणि एका ओळीच्या बेअरिंगांत ते शेकडा आठच्या घरात, असे आकडे पुढे एका अमेरिकन खटल्याच्या संदर्भात सर्वत्र उद्धृत होत राहिले. म्हणजे शंभरांतल्या नव्वदांहून अधिक गाड्या ठीक चालल्या. पण शेकडा आठ हा आकडा कारखान्याच्या टेबलावर एक दिसतो आणि मालकाच्या अंगणात दुसरा. तिथे इंजिन एकच असते, ते एक तर चालते किंवा जाते.

आता बिघाडाचा भार कोणावर पडला ते पाहू. गाडी नवी असताना, वॉरंटीत, कंपनी नवे इंजिन बसवून देई. पहिल्या मालकाला मनस्ताप झाला तरी खिशाला झळ लागत नसे. मग गाडी दुसऱ्याकडे गेली, पुढे तिसऱ्याकडे. किंमत उतरत गेली, पण इंजिनाची किंमत उतरली नाही. अखेर अशी वेळ आली, की बदली इंजिनाचा खर्च अख्ख्या गाडीच्या किमतीला भिडला. तिसरा मालक कोण असतो? लहानपणी भिंतीवर पोर्शेचे चित्र लावलेला कारकून, शिक्षक, बसचालक. चाळिशी उलटल्यावर चार पैसे साठवून त्याने आयुष्यातली एक हौस पुरवलेली असते. कारखान्याने १९९३ साली जीव वाचवण्यासाठी जी काटकसर केली, तिचा शेवटचा हप्ता दहा-पंधरा वर्षांनी हा माणूस भरत होता.

अमेरिकेत मालक शेवटी न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियाच्या फेडरल न्यायालयात ‘आयझन विरुद्ध पोर्शे कार्स नॉर्थ अमेरिका’ या नावाने सामूहिक दावा चालला. त्यात तडजोड झाली आणि २०१४ साली न्यायालयाने तिला अंतिम मंजुरी दिली. मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या, एका ओळीचे बेअरिंग असलेल्या बॉक्स्टर आणि ९११ तिच्यात आल्या. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आल्यापासून दहा वर्षांच्या आत आणि एक लाख तीस हजार मैलांच्या आत बेअरिंगमुळे इंजिन गेले असेल, तर दुरुस्तीचा खर्च ठरावीक अटींवर परत. कंपनीने दोष कबूल केला नाही. तडजोडीत तसे बहुधा असतेच. अकराव्या वर्षी ज्याचे इंजिन गेले, त्याच्या हाती काहीच आले नाही. अमेरिकेबाहेरच्या मालकांना तर या तडजोडीचा उपयोगच नव्हता.

खरी सुटका आली ती न्यायालयातून नव्हे, गॅरेजातून. कंपनी म्हणत होती, की हे बेअरिंग सुटे बदलता येत नाही, इंजिनच बदला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एलएन इंजिनिअरिंग नावाचा छोटा कारखाना चालवणारे चार्ल्स नवारो आणि जॉर्जिया राज्यात पोर्शेची इंजिने बांधणारे जेक रेबी, या दोघांनी हे मान्य केले नाही. गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील उतरवून, इंजिन न फोडता, जुने बेअरिंग ओढून काढता येते, हे त्यांनी करून दाखवले आणि त्यासाठी हत्यारे घडवली. २००८ च्या सुमारास त्यांनी पोलादी छर्ऱ्यांऐवजी सिरॅमिक छर्ऱ्यांचे बेअरिंग विकायला काढले. सील काढून टाकलेले, म्हणजे इंजिनाचे तेल आत-बाहेर खेळते राहावे. पुढे काही वर्षांनी त्यांनी आणखी एक उपाय आणला. बॉल बेअरिंगच नको, गुळगुळीत बेअरिंग बसवायचे आणि फिल्टरमधून गाळून आलेले तेल त्याला दाबाने पुरवायचे. म्हणजे काय, तर फिरून पुन्हा १९६३ च्या ९११ चाच मार्ग! आजोबांनी केलेली सोय नातवाने काढून टाकली आणि पणतूने ती पुन्हा शोधून बसवली.

हे वाचताना मला १९६१ नंतरचा गोवा आठवल्यावाचून राहत नाही. पोर्तुगीज अमदानीत आपल्याकडे परदेशी गाड्या मुबलक येत. मुक्तीनंतर भारताचे आयातीचे कडक नियम लागू झाले आणि त्या गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. म्हणून गाड्या काही लगेच भंगारात गेल्या नाहीत. म्हापसा-मडगावच्या मेस्तांनी कुठे लेथवर बुश कातून घेतले, कुठे दुसऱ्याच गाडीचा भाग घासून बसवला आणि त्या चालत्या ठेवल्या. ‘हा भाग मिळत नाही’ या वाक्याने गोष्ट संपते, असे मेस्त कधी मानत नाही. इलिनॉय आणि म्हापसे यांच्यात समुद्र आहेत, पण जात एकच.

कंपनीने पुढे काय केले? २००५-०६ च्या सुमारास हे बेअरिंग मोठे आणि दणकट केले. बिघाड पुष्कळ कमी झाले, मात्र ते बदलायचे तर इंजिन पूर्ण फोडावे लागते. २००९ च्या मॉडेलपासून नवे इंजिन आले आणि त्यात हा मधला दांडाच उरला नाही. रोगाचे मूळच काढून टाकले. आणि एक गोष्ट सुरुवातीपासून तशीच होती. ९११ च्या टर्बो, जीटी-२ आणि जीटी-३ या महागड्या भावंडांत एम-९६ कधी बसवलेच नाही. त्यांच्यात हान्स मेत्सगर या बुजुर्ग अभियंत्याच्या परंपरेतले इंजिन होते. त्याची जात १९९८ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या गाडीची, आणि त्यातला मधला दांडा दाबाच्या तेलावर फिरणारा. फॉर्म्युला वनमध्ये १९८४ ते १९८६ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवणारे इंजिनही याच मेत्सगरचे. २०२० साली ते वारले. म्हणजे पक्के कसे करायचे, हे त्सुफनहाउझनला माहीत नव्हते असे नाही. माहीत होते. पण ते सगळ्यांसाठी केले नाही.

इथे वीडेकिंगवर दात-ओठ खाणे सोपे आहे, पण मला ते योग्य वाटत नाही. काटकसर झाली नसती, तर १९९५ नंतर पोर्शे ही स्वतंत्र कंपनी राहिली असती की नाही, याचीच शंका. बॉक्स्टर आणि ९९६ याच गाड्यांनी कारखाना वाचवला, हजारोंची नोकरी वाचवली. नंतर याच वीडेकिंगने आपल्याहून कितीतरी मोठी फोक्सवागेन गिळण्याचा डाव मांडला, कर्जात रुतला, २००९ साली पायउतार झाला आणि २०१२ मध्ये पोर्शेचा मोटार व्यवसाय उलट फोक्सवागेनच्या पोटात गेला. तो वेगळा अध्याय आहे. माझा आक्षेप काटकसरीला नाही. काटकसर चुकली हे कळल्यावरही ‘हा भाग बदलता येत नाही’ असेच म्हणत राहणे, हा माझा आक्षेप. चूक यंत्रात होती तोवर ती माफ करता येते. ती पत्रव्यवहारात शिरली, की माफ करणे जड जाते.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. अशी गाडी घेऊच नये, असे मी त्याला म्हटले नाही. वीस-पंचवीस वर्षे टिकलेल्या गाडीने आपली पुष्कळशी परीक्षा दिलेली असते. पण काही गोष्टी पाहिल्याशिवाय हात पुढे करू नये. पहिली, इंजिन क्रमांकावरून आत कुठल्या काळातले बेअरिंग असण्याचा संभव आहे ते काढावे, आणि आधीच्या मालकाने ते बदलले असेल तर त्याची पावती मागावी. तोंडी भरवशावर राहू नये. दुसरी, गाडी घेण्यापूर्वी तेलाचा फिल्टर काढून त्याचा कागद उलगडून पाहावा. सोनेरी-चंदेरी चमक किंवा चुंबकाला चिकटणारी कुसळे दिसली, तर नमस्कार करून घरी यावे. तिसरी, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथे तेलाचा ओघळ आहे काय ते पाहावे. तो नेहमीच या बेअरिंगपाशी निघतो असे नाही, क्रँकच्या मागच्या सीलचाही असू शकतो, पण विचारायला हवे. चौथी, दुर्बीण आत घालून सिलिंडरच्या भिंती पाहून घ्याव्यात. या घराण्यातल्या मोठ्या इंजिनांना भिंती ओरखडल्या जाण्याचा दुसराही एक रोग आहे, आणि बेअरिंगच्या चर्चेत तो विसरला जातो. पाचवी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. गाडी घेतल्यावर क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच असतो, त्याच खेपेला बेअरिंगही बदलून घ्यावे. मजुरी एकदाच पडते. तेल कंपनीच्या पुस्तकातल्या लांब मुदतीची वाट न पाहता पाच हजार मैलांना किंवा सहा महिन्यांनी बदलावे. आणि गाडी चालवावी. पूजा करू नये.

इंजिन गेलेच तर? खडखड ऐकू आली, की त्याच क्षणी चावी फिरवून बंद करावे आणि ‘बघू या एकदा’ म्हणून पुन्हा सुरू करू नये. त्या एका ‘बघू या’त वाचण्यासारखे जे असते तेही जाते. वेळीच थांबलेले इंजिन कधी कधी खोलून, धुऊन, पुन्हा बांधता येते. नाही तर अपघातात गेलेल्या गाडीचे जुने इंजिन शोधावे, पण तेही त्याच जातीचे असणार, म्हणून बसवण्यापूर्वी त्याचे बेअरिंग आधी बदलावे. अमेरिकेत काही बहाद्दर बॉक्स्टरमध्ये सुबारूचे किंवा शेव्हरोलेचे इंजिन बसवतात. शुद्धतावाद्यांना हा धर्मभ्रष्टपणा वाटतो. मला तरी अंगणात गवत उगवू देण्यापेक्षा तो बरा वाटतो.

असो. या सगळ्या इतिहासात मला अडलेला शब्द एकच आहे, ‘आजन्म’. आजकाल पुष्कळ वस्तूंवर तो असतो. आजन्म भरलेले तेल, आजन्म सीलबंद बेअरिंग, न उघडण्याजोगा पंप, न बदलता येणारी बॅटरी. हा जन्म कोणाचा, हे कोणी सांगत नाही. विकणाऱ्याच्या हिशेबात वस्तूचा जन्म वॉरंटीच्या कागदाइतका असतो. पहिल्या मालकाच्या हिशेबात ती विकेपर्यंत. तिसऱ्या मालकाच्या हिशेबात मात्र तो नुकताच सुरू झालेला असतो. बेअरिंग जुने होणारच, सील कडक होणारच, त्यात कोणाचे पाप नाही. पण जे झिजणार आहे ते झिजणार आहे असे मान्य करून त्याला उघडायची जागा ठेवणे, एवढी माणुसकी यंत्रात ठेवता येते. आपल्या जुन्या घरांच्या छपराची कौले एकेक करून काढता येतात आणि एकेक करून बदलता येतात. म्हणून तर बांधणारा कोण होता हे कोणाला आठवत नसले, तरी ती घरे पावसात उभी आहेत.